हप्ता कुणाच्या हातात दिला?

4 जून 1987, गुरुवार. एलआयसीचा एक एजंट आपल्या विमेदाराला भेटला आणि चार पॉलिसींचा थकलेला सहामाही हप्ता म्हणून त्याच्याकडून 2,730 रुपयांचा चेक घेऊन गेला. हप्त्याची तारीख 6 मार्च होती. सवलतीचा महिनाही उलटून गेला होता. चेक एलआयसीच्या नावाने रेघा मारलेला नव्हता, बेअरर होता. म्हणजे ज्याच्या हाती असेल त्याने बँकेच्या खिडकीवर द्यावा आणि रोख घेऊन जावे. दुसऱ्याच दिवशी एजंटाच्या मुलाने तो वटवला. हे पैसे एलआयसीत भरल्याची तारीख एजंटाने दिली ती 10 ऑगस्ट, सोमवार. आदल्या दिवशी, रविवारी 9 ऑगस्टला, विमेदार अपघातात गेला होता.

प्रत्येकी 25 हजारांच्या चार पॉलिसी, म्हणजे लाखाचा विमा. अपघाती मृत्यू आला तर दुप्पट रक्कम मिळेल अशी सोय त्यात होती. पत्नीने नॉमिनी म्हणून क्लेम केला आणि एलआयसीने तो नाकारला. हप्ता वेळेत आला नाही, पॉलिसी लॅप्स झाली, मृत्यूच्या दिवशी विमा चालू नव्हता, हे महामंडळाचे उत्तर. कुटुंबाचे म्हणणे त्याहून साधे होते. पैसे जूनमध्येच दिले, तुमच्या माणसाला दिले.

‘तुमचा माणूस’ या दोन शब्दांवर पुढची दहा वर्षे खटला चालला. राज्य ग्राहक आयोगाने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला, राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला, आणि एप्रिल 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाचा निकाल कायम ठेवला. ‘हर्षद जे. शहा विरुद्ध एलआयसी’ या नावाने हा निकाल ओळखला जातो. एजंटाच्या वागण्याला विमा कंपनी किती बांधील, हा प्रश्न आजही निघाला की वकील पहिल्यांदा याच निकालाचे पान उघडतात. तो समजून घ्यायचा तर शंभराहून जास्त वर्षे मागे जावे लागते, कारण एजंट दोन्ही बाजूंचा आणि कुणाचाच नाही, ही स्थिती एका दिवसात आलेली नाही.

मुंबईत आयुर्विम्याचा देशी धंदा रुजला तो 1870 नंतर. ‘बॉम्बे म्युच्युअल’ निघाली 1870-71 च्या सुमारास, ‘ओरिएंटल’ 1874 मध्ये. तोवर गोऱ्यांच्या कंपन्या हिंदी माणसाचा विमा घेतच नसत, घेतलाच तर जादा हप्ता लावत. बॉम्बे म्युच्युअलने हिंदी माणसाच्या आयुष्याला सर्वसाधारण दर लावला. पण विमा ही काही लोक दुकानात येऊन मागतील अशी वस्तू नव्हती. मरणाची गोष्ट घरी येऊन कुणीतरी काढावी लागे, आणि ती काढायला ओळखीचा, जातीपातीतला, गावचा माणूस लागे. कंपनीला असा माणूस हवा होता, मात्र पगारावर नको होता. म्हणून कमिशनवरचा एजंट आला. कंपनीचा नोकर नसलेला, पण लोकांच्या दृष्टीने कंपनीच असलेला.

योगायोगाने त्याच सुमारास, 1872 मध्ये, भारतीय करार कायदा झाला. मुखत्याराने केलेले व्यवहार मालकावर कधी बंधनकारक होतात, याचे एक अख्खे प्रकरण त्यात आहे. त्याचे 237 वे कलम सांगते की मुखत्याराला अधिकार आहे असा समज मालकाने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने लोकांत पसरू दिला, तर प्रत्यक्ष अधिकार दिलेला नसला तरी मालक बांधला जातो. मुखत्याराने मालकाच्या कामाच्या ओघात केलेल्या फसवणुकीचा परिणाम तो व्यवहार जणू मालकानेच केला असावा असा होतो, असे पुढचे 238 वे कलम म्हणते. कायदा म्हणून हे स्वच्छ होते. विम्याच्या धंद्यात मात्र ते दर वेळी एका छापील ओळीवर अडकत गेले.

विलायतेत ही अडचण आपल्या आधी उभी राहिली. एका डोळ्याने अधू असलेल्या एका निरक्षर माणसाने अपघात विमा उतरवला. एजंटाने समोर बसून अर्ज भरला आणि शारीरिक व्यंग नाही असे त्यात आले. पुढे त्या माणसाचा दुसरा डोळाही अपघातात गेला. कंपनी म्हणाली, अर्ज खोटा. 1892 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कंपनीला ऐकवले की एजंटाने तो डोळा पाहिला होता, आणि एजंटाला जे ठाऊक ते कंपनीला ठाऊक. हा बॉडनचा खटला. 1929 मध्ये त्याच न्यायालयाने दिशा बदलली. न्यूजहोम बंधूंच्या मोटार विम्यात एजंटाला खरी माहिती सांगितली होती, त्याने अर्जात चुकीची लिहिली. न्यायालय म्हणाले, अर्ज भरताना एजंट विमेदाराचा लेखनिक होतो. खाली सही विमेदाराची, तेव्हा चूकही त्याची. भारतातल्या कोर्टांना या दोन्ही वाटा उपलब्ध होत्या. कंपन्यांचे वकील अर्थातच दुसरीवरून चालले.

याच काळातला एक तिसरा विलायती निकाल मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी त्यात विमा नव्हता. लिव्हरपूलच्या एका वकिली पेढीच्या कारकुनाने एका विधवेकडून कागदांवर सह्या घेऊन तिची दोन घरे स्वतःच्या नावावर करून घेतली. पेढीच्या मालकाला त्यातले काही माहीत नव्हते, त्याला त्यातून दमडीही मिळाली नव्हती. तरी 1912 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पेढीला जबाबदार धरले. आपल्या नावाच्या पाटीखाली ज्याला बसवले, त्याने त्या पाटीच्या जोरावर केलेल्या फसवणुकीची भरपाई पाटी लावणाऱ्याने करायची. विमा एजंटाचा विचार याच सूत्राने व्हायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

भारतात सरकारने विम्याचा सर्वंकष कायदा केला तो 1938 मध्ये. एजंटाला परवाना, कमिशनला मर्यादा, आणि कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला देऊन पॉलिसी गळ्यात मारायला बंदी, हे सारे त्यात होते. तरी घोटाळे थांबले नाहीत. 1945 मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि 1950 च्या दुरुस्तीने मुख्य एजन्सी नावाची मधली, मलई खाणारी पायरी काढून टाकली गेली. मग आले 19 जानेवारी 1956. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्या रात्री आकाशवाणीवरून त्यांनी देशाला सांगितले की आयुर्विम्याचा सारा धंदा सरकार ताब्यात घेत आहे. मागच्या दहा वर्षांत पंचवीस कंपन्या दिवाळ्यात निघाल्या आणि आणखी पंचविसांनी आपला पैसा इतका उधळला की त्यांचा धंदा तोट्यात दुसऱ्यांच्या गळ्यात घालावा लागला, आणि तो तोटा विमेदारांनी सोसला, हे त्यांनी दिलेले कारण होते. 154 देशी कंपन्या, 16 परदेशी, 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या, मिळून 245 संस्था एकत्र आल्या आणि 1 सप्टेंबर 1956 ला आयुर्विमा महामंडळ जन्मले. तेव्हा देशमुख मंत्रिमंडळात राहिले नव्हते. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी राजीनामा दिला होता.

कंपन्या सरकारजमा झाल्या. एजंट मात्र होता तसाच राहिला, कमिशनवरचा. फरक एवढाच पडला की आता त्याच्या पाठीशी सरकार होते. पूर्वी लोक विचारत, कंपनी बुडणार तर नाही ना? 1956 नंतर हा प्रश्न संपला, आणि सरकारवरचा तो विश्वास एजंटाच्या खात्यावर जमा झाला.

हे सर्वांत ठळकपणे घडले मुंबईच्या उपनगरांत. कांदिवलीचे स्टेशन 1907 मधले, पण त्यानंतरही कितीतरी वर्षे आजूबाजूला पोयसर, चारकोप, आकुर्ली, बंदर पाखाडी अशी गावेच होती. स्वातंत्र्यानंतर आकुर्ली रोडला महिंद्रचा कारखाना आला, कारखान्यांमागे कामगार आले. गिरगाव-लालबाग-परळच्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या तशी कुटुंबे मालाड, कांदिवली, बोरिवलीकडे सरकली. 1982 च्या गिरणी संपानंतर तो ओघ आणखी वाढला. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने चारकोपला भूखंड पाडले आणि लोकांनी तिथे स्वतःची छोटी घरे उभी केली. शेजारच्या बोरिवलीत तर जीवन बिमा नगर ही वसाहतच आहे.

या नव्या वस्त्यांत मागच्या वाडीतला आधार तुटलेला होता. चाळीत शेजारी होता, गावाकडे भाऊबंद होते. इथे बिल्डिंगमध्ये नवे चेहरे. घरातला कमावता एकच. अशा घरात ‘एलआयसीवाले काका’ येत. बहुधा तेही त्याच सोसायटीतले, दिवसा बँकेत किंवा पोस्टात नोकरी करणाऱ्या कुणाचे तरी यजमान किंवा भाऊ, किंवा निवृत्त शिक्षक. दिवाळीला एलआयसीचे कॅलेंडर त्यांच्याच हातून घरी येई. जन्मतारखेचा दाखला, वयाचा पुरावा, डॉक्टरची तपासणी, नॉमिनीचे नाव, सारे तेच करत. आणि हप्ताही तेच नेत. लोकल पकडून ऑफिस गाठणाऱ्या माणसाला शाखेच्या खिडकीशी रांग लावायला वेळ नसे. काका चेक नेत, कधी रोख नेत, आठवड्याने पावती आणून देत. बहुतेकांनी ती नेकीने आणून दिली, हे इथे लिहिलेच पाहिजे. या उपनगरांतल्या कित्येक बायकांच्या हाती नवऱ्यामागे पैसा आला तो अशाच एखाद्या काकांनी दामटून काढायला लावलेल्या पॉलिसीमुळे.

पण कागदावर काय होते? 1972 च्या एलआयसी एजंट नियमावलीत लिहिले होते की एजंटाला महामंडळाच्या वतीने पैसे गोळा करण्याचा, जोखीम स्वीकारण्याचा किंवा महामंडळाला कशानेही बांधून घेण्याचा अधिकार नाही. महामंडळाने खास अधिकार दिला तरच तो पुढचे हप्ते घेऊ शकतो. नेमणुकीच्या पत्रातही हीच मनाई. दुसरीकडे, विमा कायद्याच्या 64 व्हीबी कलमात तरतूद आहे की एजंटाने कंपनीच्या वतीने हप्ता घेतला तर कमिशन न कापता चोवीस तासांत तो कंपनीकडे भरावा. म्हणजे एजंट हप्ते घेतात हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. नियमावली राजपत्रात छापली गेली. कांदिवलीतल्या किती घरांत भारताचे राजपत्र येत असेल?

1997 चा निकाल याच नियमावलीवर उभा राहिला. नियम वैधानिक आहेत, जाहीर झालेले आहेत, मनाई स्पष्ट आहे, तेव्हा एजंटाला गर्भित अधिकार होता असे धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या वागण्याने एलआयसीने लोकांचा तसा समज करून दिला होता का, हा 237 व्या कलमाचा मुद्दाही टिकला नाही. तशी मांडणी आणि तसा पुरावा तक्रारीत नव्हता. पॉलिसी बंद पडलेली होती, दावा फेटाळला गेला. एवढे मात्र झाले की चारही पॉलिसींवर भरलेले हप्ते 15 टक्के व्याजाने परत करा, असा आदेश न्यायालयाने एलआयसीला दिला.

कायद्याच्या चौकटीत हा निकाल चुकला असे म्हणता येत नाही. खटला जसा मांडला गेला तसा तो सुटला. तरी तो वाचताना एक गोष्ट टोचत राहते. 4 जून ते 10 ऑगस्ट हे सदुसष्ट दिवस पैसे एजंटाच्या घरी होते, आणि त्या दिवसांची पूर्ण किंमत मोजली ती त्या नियमावलीचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते अशा माणसांनी. एजंट निवडला महामंडळाने, परवाना त्याच्यामार्फत, कमिशन त्याच्याकडून. एजंटावर लक्ष ठेवायला डेव्हलपमेंट ऑफिसर नेमलेला. विमेदाराच्या हाती यातले काहीच नव्हते.

त्याआधी 1978 मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असाच पायंडा घालून दिला होता. खातेदाराने बँकेतल्या ओळखीच्या शेजाऱ्याकडे भरण्यासाठी पैसे दिले, त्याने ते खाल्ले. न्यायालय म्हणाले, पैसे मित्राला दिले, बँकेच्या नोकराला नव्हे. बँक जबाबदार नाही. शेजारधर्म आणि धंदा यांतली रेघ तिथे आखली गेली. पण बँकेच्या कारकुनाचे काम खिडकीआड असते. विमा एजंटाचा धंदाच शेजारधर्मावर चालतो, आणि ते जाणूनच कंपनी त्याला नेमते. त्याला ती रेघ लावणे मला पटत नाही.

वळण आले 1999 मध्ये, आणि आले ते नोकरदारांच्या बाजूने. पगार बचत योजना मुंबईतल्या कुठल्याही नोकरदाराला सांगावी लागत नाही. पगाराच्या चिठ्ठीत ‘एलआयसी’ असा एक रकाना, तेवढी रक्कम कापून कार्यालयाने परस्पर महामंडळाकडे पाठवायची. दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातला एक कर्मचारी वारला तेव्हा कळले की कार्यालयाकडून त्याचे हप्ते पोहोचलेच नव्हते. एलआयसीने पॉलिसी लॅप्स म्हणून हात वर केले. योजनेच्या पत्रव्यवहारात कार्यालय हे कर्मचाऱ्याचे प्रतिनिधी मानले जाईल, महामंडळाचे नव्हे, असे लिहिलेले होते; तोच कागद पुढे करण्यात आला. ‘दिल्ली इलेक्ट्रिक सप्लाय अंडरटेकिंग विरुद्ध बसंती देवी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कागद बाजूला ठेवला. तुम्ही आणि कार्यालयाने आपसांत काय ठरवले ते त्या कर्मचाऱ्याला कुणी सांगितले होते? त्याच्या दृष्टीने हप्ता गोळा करणारे कार्यालय हे तुमचेच मुखत्यार. विमा कायद्याच्या व्याख्येतला एजंट ते नसेल, करार कायद्यातला नक्कीच आहे. एलआयसीला पैसे द्यावे लागले. 2005 मध्ये राजीव कुमार भास्कर प्रकरणात न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले.

दोन वर्षांत दोन निकाल, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे. पगारातून हप्ता गेला आणि वाटेत अडकला तर कंपनी बांधील. एजंटाच्या हाती दिला आणि वाटेत अडकला तर नाही. कारखान्यात कायम नोकरी असलेल्याला संरक्षण मिळाले. ज्याला पगाराची चिठ्ठीच नाही, तो रिक्षावाला, भाजीवाला, पोळी-भाजी केंद्र चालवणारी बाई काकांच्याच हाती हप्ता देत राहिली. कालांतराने एलआयसीने काही एजंटांना हप्ते घेऊन जागेवर पावती देण्याचा अधिकृत अधिकार दिला. 1972 च्या नियमातली ती ‘खास अधिकाराची’ पळवाट तेव्हा कुठे विमेदाराच्या कामी आली.

दरम्यान विम्याचा बाजार खुला झाला. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर मल्होत्रा यांच्या समितीने 1994 मध्ये तशी शिफारस केली, 1999 मध्ये नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला आणि ऑक्टोबर 2000 मध्ये पहिली खाजगी कंपनी बाजारात उतरली. एजंटांसाठी आचारसंहिता आली. ओळखपत्र दाखवा, गिऱ्हाइकाने विचारले तर कमिशन किती ते सांगा, अर्जात काही लपवायला सांगू नका. शंभर तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. आणि हे सारे कागदावर होत असताना युलिपची, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या विम्याची, लाट आली.

ठाकूर व्हिलेज, लोखंडवाला टाउनशिप, महावीर नगर इथे तेव्हा नवे टॉवर उभे राहत होते आणि शेअर बाजार रोज वर जात होता. ‘तीन वर्षे भरा आणि विसरा, पैसे दुप्पट’ हे वाक्य 2005 ते 2008 या काळात ऐकले नाही असा मध्यमवर्गीय शोधूनही सापडला नसता. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला केवढा मोठा भाग खर्च आणि कमिशनमध्ये जातो, हे वाक्य कुणी म्हटले नाही. 2008 मध्ये बाजार कोसळला, लोकांनी हप्ते सोडले, भरलेले पैसे गेले. मोनिका हालन, रेणुका साने आणि सुझन थॉमस या अभ्यासकांनी 2004-05 ते 2011-12 या वर्षांत चुकीच्या विक्रीमुळे विमेदारांचे दीड लाख कोटी रुपये बुडाल्याचा अंदाज मांडला. एप्रिल 2010 मध्ये सेबीने चौदा कंपन्यांना युलिप विकायला मनाई केली, विमा प्राधिकरण त्याविरुद्ध उभे राहिले, जूनमध्ये केंद्राला अध्यादेश काढावा लागला. 1 सप्टेंबर 2010 पासून खर्चांवर मर्यादा आली, पैसे पाच वर्षे अडकून राहतील असा नियम झाला. गेलेले पैसे मात्र परत आले नाहीत. एजंट म्हणाला, कंपनीने शिकवले तेच सांगितले. कंपनी म्हणाली, माहितीपत्रकात सारे छापले होते, सही तुमची आहे.

सही. या इतिहासातला सर्वांत नाजूक कागद म्हणजे प्रस्ताव अर्ज. तो एकदा हातात घेऊन नीट पाहा. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, दुसऱ्या कंपनीची पॉलिसी आहे का, असे प्रश्न आणि समोर लहानशी जागा. शेवटी घोषणा की वरील सारे खरे आहे. त्याखाली आणखी एक चौकट असते: अर्जाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत सही करणाराला अर्ज समजावून सांगितला, असे कुणीतरी लिहून द्यायचे. इंग्रजी अर्जावर मराठीत सही करणाऱ्यांसाठी ती चौकट, आणि ती बहुधा एजंटच भरवून घेतो. मग येतो एजंटाचा गोपनीय अहवाल. हा विमेदाराला दाखवत नाहीत. त्यात कंपनी एजंटाला विचारते, या माणसाला तुम्ही किती वर्षे ओळखता, याचे उत्पन्न किती, याची प्रकृती कशी दिसते, याला विमा द्यावा का?

म्हणजे पॉलिसी देताना कंपनी एजंटाच्या डोळ्यांनी पाहते आणि त्याच्या शब्दावर जोखीम घेते. क्लेम आला की तेच डोळे विमेदाराचे ठरतात. 2019 मध्ये ‘रिलायन्स लाइफ विरुद्ध रेखाबेन राठोड’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कोऱ्या किंवा दुसऱ्याने भरलेल्या अर्जावर सही केली, एवढ्याने विमेदाराची सुटका होत नाही. तिथे दोनच महिन्यांपूर्वी घेतलेली दुसऱ्या कंपनीची पॉलिसी अर्जात दिसत नव्हती, आणि त्या तथ्यांवर निकाल समजण्यासारखा आहे. पण त्याचा आधार घेऊन प्रत्येक अर्जाची सारी चूक विमेदाराच्या माथी मारली जाते, ते समजण्यासारखे नाही. ज्या इंग्लंडकडून आपण 1929 चा नियम घेतला, त्या इंग्लंडने 2012 मध्ये ग्राहक विम्यासाठी कायदा करून एजंट केव्हा कंपनीचा धरायचा याचे नियम लिहून टाकले. कंपनीने माहिती गोळा करायला नेमलेला माणूस ती गोळा करताना कंपनीचाच, असे त्यात स्पष्ट आहे. आपण अजून खटल्या-खटल्याने चाचपडत आहोत.

काही झालेच नाही असे नव्हे. 2015 मध्ये विमा कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तीत, आणि 2016 च्या एजंट नेमणूक नियमांतही, स्वच्छ शब्दांत आले की एजंटाने केलेल्या आणि न केलेल्या सर्व गोष्टींना, आचारसंहितेच्या भंगासह, कंपनी जबाबदार राहील आणि तिला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. त्याच दुरुस्तीने 45 वे कलम बदलले. पॉलिसीला तीन वर्षे झाली की फसवणुकीच्या कारणानेसुद्धा कंपनीला ती नाकारता येत नाही. ही दुसरी तरतूद सामान्य घरासाठी पहिलीपेक्षा मोलाची आहे. कारण एक कोटीचा तो दंड नियामकाने करायचा, कंपनीने भरायचा. विधवेच्या हाती त्यातला रुपयाही येत नाही. ‘जबाबदार’ हा शब्द कायद्यात यायला 1938 पासून 77 वर्षे लागली, आणि आला तोही कंपनी आणि नियामक यांच्यापुरता. एजंटाने घेतलेला हप्ता कंपनीला मिळाला असे धरावे आणि एजंटाला सांगितलेला आजार कंपनीला सांगितला असे धरावे, ही दोन वाक्ये कायद्यात आली पाहिजेत. 1987 मध्ये पहिले वाक्य असते तर 9 ऑगस्टला ती पॉलिसी पुन्हा चालू झाली होती की नाही, यावर निदान मुद्द्याचा वाद झाला असता.

तोवर कांदिवलीच्या वाचकाने एवढे करावे. चेक किंवा ऑनलाइन पैसे कंपनीच्याच नावाने द्यावेत, एजंटाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या नावाने कधीही नाही. अर्ज स्वतः भरावा किंवा भरलेला वाचून घ्यावा आणि त्याची प्रत ठेवावी. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. कंपनीने तक्रार फेटाळली तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी लागत नाही, वकील लागत नाही. आपल्या लोकपालांचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची, आणि उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला चेतना कॉलेजजवळ बसतो. तिथे जाताना पावती, अर्जाची प्रत आणि एजंटाशी झालेले व्हॉट्सॲपवरचे बोलणे बरोबर न्या, आणि तक्रारीतच लिहा की या एजंटाला हप्ते घेताना कंपनी पाहत होती आणि तिने कधी हरकत घेतली नाही. 1997 च्या खटल्यात नेमके हेच वाक्य लिहायचे राहून गेले होते.